सोडा वेगळा, व्हिनेगर वेगळं

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

«काकू, सात महिन्यांपूर्वी नाशिकच्या सिडकोतलं जुनं घर सोडून आम्ही पाथर्डी फाट्याच्या पुढे एका नव्या सोसायटीत भाड्याने आलो. मिस्टर अंबडच्या कंपनीत पाळीवर जातात. इथे पिण्यापुरतं नळाचं पाणी येतं, बाकी सगळं बोअरचं. बाथरूमच्या टाइल्स, नळ, काचेचं दार पांढरंफट्ट झालंय. शॉवरमधून जेमतेम चार धारा येतात. मालक म्हणतात, घर सोडताना असंच दिसलं तर डिपॉझिटमधून पैसे कापू. सहा-सात प्रकारच्या बाटल्या आणते, महिन्याला आठ-नऊशे रुपये जातात. चार वर्षांचा मुलगा सारखा खोकतो, त्याला त्या वासांचा त्रास होतो. मोबाइलवर बघून सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सगळीकडे लावलं. फेस खूप आला, डाग तसेच. संगमरवरी देव्हाऱ्यावर नुसतं व्हिनेगर लावलं, तर तिथे उलट पांढुरके ठसे पडले. एक्झॉस्ट फॅनकडे तर बघवत नाही. दिवाळीला सासूबाई येवल्याहून येणार आहेत आणि त्यांनी लग्नात दिलेली तांब्याची हंडा-कळशी माळ्यावर काळी-हिरवी पडली आहेत. महागडं काही न आणता हे कसं निस्तरू? आणि खरंच इतक्या बाटल्या लागतात का?»

काकू म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, इतक्या बाटल्या लागत नाहीत. दोन पुड्या, भांड्यांचं एक लिक्विड आणि पांढऱ्या व्हिनेगरची एक बाटली एवढ्यात तुझं घर निघेल. पण हातात फडकं घेण्याआधी डाग कशाचा आहे ते ठरवायचं. पाण्याचा की तेलाचा, एवढंच. बहुतेक वेळा तिसरा प्रश्न पडतच नाही.

माझी आजी पंचवटीत राहायची. तिच्या मोरीत एका करवंटीत चुलीची चाळलेली राख असे आणि दुसरीत चिंचेचा चोथा. तेलकट कढई, तुपाचं भांडं, दुधाची पातेली राखेने घासायची. पाणी भरायचा तांब्याचा घडा, देवाचं ताम्हन, पळी-पंचपात्र चिंचेने. लाकडाच्या राखेत अल्कली असते, ती तेल-तूप धरते आणि सुटं करते. चिंचेत आम्ल असतं, ते धातूवरचा गंज आणि पाण्याचा थर विरघळवतं. तुझ्या दोन पुड्याही याच. धुण्याचा सोडा ही तुझी राख आणि लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, ही तुझी चिंच. दोन्ही रविवार कारंजा-मेन रोडकडच्या किराणा दुकानांत सुटे मिळतात, तुमच्या फाट्यावरही मिळतील. खाण्याचा सोडा घरात असतोच, तो या सोड्याचा सौम्य भाऊ.

आता तुझा फेस का फुकट गेला ते बघ. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना संपवतात. जो फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइड वायू, आणि तो उडून गेल्यावर भांड्यात उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. त्याने ना पाण्याचा थर निघतो ना तेलाचा. तू कष्ट केलेस, पण दोन्ही औषधं डागापर्यंत पोचण्याआधीच मेली होती. फेस बघून आपल्याला वाटतं काहीतरी घडतंय, म्हणून हा उपाय इतका पसरला आहे. सोडा एका जागी वापर, व्हिनेगर दुसऱ्या जागी. एकाच जागी दोन्ही लागलेच, तर मध्ये भरपूर पाण्याने धुऊन घे.

सोडा-व्हिनेगर मिसळल्याने निदान अपाय होत नाही. दुसरं एक मिश्रण मात्र जीवावर बेतू शकतं, आणि तुझ्या सहा-सात बाटल्यांत ते दोन्ही घटक बहुधा असतील. संडास साफ करायच्या बहुतेक लिक्विडांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन बांधलेला असतो. दोन्ही भेटले की तो क्लोरीन वायू होऊन बाहेर पडतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी दिवाळीच्याच आवराआवरीत मी मोरीत ब्लीचिंग पावडर टाकली, ती नीट धुतली नाही आणि वरून ॲसिडची बाटली ओतली. दार लावलेलं, खिडकी हातभर. दोन श्वासांत घसा आवळला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी भिंत धरत धरत गॅलरीत आले. दोन दिवस आवाज फुटत नव्हता. त्या वेळी माझी मुलगी बाहेरच्या खोलीत झोपलेली होती, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. म्हणून तुला हात जोडून सांगते, ब्लीचमध्ये काहीही मिसळायचं नाही. ॲसिड नाही, व्हिनेगर नाही, लिंबूसत्व नाही, अमोनिया असलेलं काचेचं लिक्विडही नाही. आणि सायकलवर किंवा हातगाडीवर पाण्याच्या बाटलीत भरून ॲसिड विकतात, ते तर घरातच आणू नकोस. ॲसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंधनं घातली आहेत. शिवाय चार वर्षांच्या मुलाला पाण्याची बाटली म्हणजे पाण्याचीच बाटली वाटणार.

त्याच कारणाने दोन्ही पुड्या घरी आल्या आल्या झाकणाच्या डब्यांत भर, वर मोठ्या अक्षरांत नावं लिही आणि डबे साखर-मिठाजवळ ठेवू नकोस. लिंबूसत्व अगदी साखरेसारखं दिसतं आणि धुण्याचा सोडा मिठासारखा.

बाथरूम

तुझा पांढरा थर घाण नाही, दगड आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या बेसाल्टच्या भेगांतून येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. सिडकोत तुला धरणाचं पाणी होतं, ते त्यामानाने मऊ. म्हणून तिथे हा प्रश्न पडला नाही आणि इथे सात महिन्यांत टाइल्स पांढऱ्या झाल्या. तू हे आणखी दोन ठिकाणी पाहिलं असशील: बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून चिकट पांढरी साय बनवतं. बादलीच्या काठावर आणि टाइल्सवर ती बसते, वर पाण्याचा थर बसतो, पुन्हा साय. सोसायटीतल्या बायका तुझ्या हाताला दोष देत असतील तर मनावर घेऊ नकोस.

हा थर सोड्याने हलणार नाही, त्याला आम्लच लागतं. एक पेला गरम पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व विरघळव आणि जुन्या स्प्रेच्या बाटलीत भर. बाटली आधी स्वच्छ धुतलेली हवी, तिच्यात पूर्वी ब्लीच नसावं. टाइल्सवर फवारण्याआधी साधं पाणी मार. टाइल्समधल्या सांध्यांत सिमेंट असतं आणि आम्ल सिमेंटलाही खातं. सांधे आधीच पाण्याने भरलेले असले की आम्ल कमी पितात. मग फवार, दहा मिनिटं थांब, प्लास्टिकच्या ब्रशने घास, भरपूर पाण्याने धू. पहिल्या दिवशी सगळा थर निघणार नाही. सात महिन्यांचं साठलेलं आहे, तीन-चार वेळा करावं लागेल. रोज एक भिंत घे. सगळं एकाच रविवारी करायला जाशील तर कंटाळून पुन्हा त्या ॲसिडच्या बाटलीकडे वळशील, आणि ते ॲसिड सांधेही खातं आणि नळाचं पॉलिशही.

नळांना फवारू नकोस. फडकं त्या पाण्यात भिजवून नळाभोवती गुंडाळ आणि अर्ध्या तासाने काढ. रात्रभर ठेवलंस तर क्रोमचा मुलामा काळवंडतो. नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती फिरवून निघते. ती काढून वाटीत बुडव. शॉवर काढता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत ते पाणी भर, शॉवर त्यात बुडेल अशी पिशवी रबराने बांध आणि तासभर जाऊ दे. नंतर भोकांवरून जुना टूथब्रश फिरव, पाणी जोरात सोड. चारच्या चाळीस धारा होतील. कमोडच्या तळाशी पिवळा-पांढरा थर असेल तर त्यातलं पाणी ब्रशने ढकलून खाली घालव, चार मोठे चमचे लिंबूसत्व थोड्या गरम पाण्यात कालवून ओत आणि सकाळपर्यंत राहू दे. त्यानंतर तुझी संडासाची बाटली महिनोन्महिने उघडावी लागणार नाही.

गीझरच्या आतही हाच थर साठतो, कारण पाणी तापलं की क्षार बाहेर पडतो. ते काम तू करू नकोस, वर्षातून एकदा माणूस बोलावून करून घे. मात्र गीझर कमाल तापमानावर ठेवायची गरज नसते. पाणी जितकं कडक तापवशील तितका थर जास्त. वीजही वाचेल.

आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे वीस-पंचवीस सेंटिमीटर रुंदीचा रबरी वायपर. शेवटच्या माणसाची आंघोळ झाली की काचेचं दार आणि समोरची भिंत वरून खाली एकदा ओढायची, नळावरून कोरडं फडकं फिरवायचं. पाणी वाळलंच नाही तर दगड बसणार कुठून? हे काम मिस्टरांना दे. पाळीवरून आल्यावर आंघोळ त्यांचीच शेवटची असेल, एक मिनिट लागतं.

देव्हारा

इथे मला वाईट वाटतं, कारण हे ठसे धुऊन निघणार नाहीत. संगमरवर हा चुनखडीचाच प्रकार. जे आम्ल नळावरचा चुन्याचा थर खातं, तेच देव्हाऱ्यालाही खातं. पांढुरकी दिसते ती जागा मळकी नाही, तिथला वरचा चकाकता पापुद्रा गेला आहे. आणखी काही लावून ते वाढवू नकोस. ठसे फिके असतील तर तसेच राहू देत. खोल असतील तर दगड पॉलिश करणाऱ्याकडूनच घासून घ्यावे लागतील. फरशी पॉलिशवाले छोटं काम वेगळं घेत नाहीत, म्हणून सोसायटीत कुणाकडे पॉलिशचं काम चालू असेल तेव्हा त्यालाच विचार. पुढे देव्हारा कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घालून पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. दह्या-पंचामृताचा अभिषेक ताम्हनातच कर, संगमरवरावर सांडू देऊ नकोस.

तुझ्या ओट्याचा दगड तू लिहिला नाहीस. काळा ग्रॅनाइट असेल तर फार चिंता नाही. पण कडप्पा, कोटा, शहाबादी असेल तर तोही चुनखडीच. लिंबू, व्हिनेगर, चिंच त्याच्यावर नको. कापलेलं लिंबू ओट्यावर उपडं ठेवायची आपल्या सगळ्यांना सवय असते, आणि त्याचं वर्तुळ कायमचं उमटतं.

एक्झॉस्ट फॅन

हा तेलाचा मामला, इथे चिंच नव्हे, राख. फोडणीचं तेल वाफेबरोबर वर जातं, पात्यांवर बसतं, त्यावर धूळ बसते आणि हवेत राहून राहून ते डिंकासारखं घट्ट होतं. साबणाच्या पाण्याने ते नुसतं इकडून तिकडे पसरतं. त्याला ऊब, अल्कली आणि वेळ, तिन्ही लागतात.

आधी फॅनचा प्लग काढ. बटण बंद केलं म्हणजे झालं, असं धरू नकोस. बाहेरची जाळी आणि पाती सुटत असतील तर सोडव. बादलीत चांगलं कडक पाणी घे, लिटरला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घाल. हातमोजे घातल्याशिवाय हात घालू नकोस, हा सोडा कातडी सोलवटतो. पाती प्लास्टिकची किंवा लोखंडी रंगवलेली असतील तर अर्धा तास बुडव. अल्कली तेलावर बसली की तेलाचाच थोडा साबण होतो, आणि मग काळा लगदा नारळाच्या शेंडीने नुसता ढकलला तरी निघतो. मोटारीला पाणी लावायचं नाही, ती पिळलेल्या फडक्याने पुसायची.

सोडा ॲल्युमिनियमला मात्र कधीही लावायचा नाही. पाती किंवा चिमणीची बारीक जाळी ॲल्युमिनियमची असेल तर ती काळी पडते आणि तो काळेपणा सहज जात नाही. हलकी, करड्या रंगाची, लोहचुंबक न चिकटणारी जाळी दिसली तर ॲल्युमिनियमच समज आणि फक्त गरम पाणी व भांड्यांचं लिक्विड वापर. घरात ॲल्युमिनियमची कढई, इडलीपात्र असेल तर तेही या बादलीपासून लांब ठेव. ट्रॉलीच्या दारांवरचा चिकटपणा असेल तर पुसायला खाण्याचा सोडा पुरे: ओल्या फडक्यावर चिमूटभर, हलक्या हाताने, मग साध्या पाण्याने.

बाटल्यांचं काय करायचं

काचेचं लिक्विड बंद. एक वाटी पाण्यात दोन चमचे व्हिनेगर, आणि पुसायला जुना सकाळचा पेपर. किचन क्लीनर, टाइल्स क्लीनर बंद. फरशीला बादलीत भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात, त्याहून जास्त घातलं तर फरशी चिकट होते आणि धूळ धरते. फिनेल आणि सुगंधी लिक्विड मी तर पूर्ण सोडली आहेत. वास म्हणजे स्वच्छता नव्हे, आणि तुझ्या घरात तर खोकणारं लेकरू आहे. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या तर संडास आणि फरशीला ब्लीच लागेल, तेव्हा व्हिनेगर-सोड्याच्या भरवशावर राहू नकोस. तेवढी एक बाटली वर कपाटात ठेव. बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाणी घालून, खिडकी उघडून, एकटंच वापर.

मुलाच्या खोकल्याबद्दल एक विचारते. झोपायच्या खोलीत कपाटामागे किंवा खिडकीच्या कोपऱ्यात काळे-हिरवट ठिपके आहेत का? पावसाळ्यात कपडे घरातच वाळवावे लागतात, नव्या भिंती पाणी धरून ठेवतात आणि बुरशी येते. ती कोरडी झाडू नकोस, त्याने ती हवेत उडते. नाकाला फडकं बांधून, मुलगा दुसऱ्या खोलीत असताना, ओल्या कापडाने पूस आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ. ओल बाहेरून येत असेल तर कितीही पुसलंस तरी पुन्हा येणार, ते मालकांनी दुरुस्त करायचं काम. आणि इतका खोकला असेल तर मुलाला डॉक्टरांना दाखवच. घर पुसून तो खोकला जाईल असं मी म्हणणार नाही.

मालकांवरून आठवलं. आज, साफ करायच्या आधी, प्रत्येक नळाचा आणि टाइल्सचा फोटो काढून ठेव आणि साफ केल्यावर पुन्हा काढ. दोन्ही त्यांना पाठव. पाणी इमारतीचं आहे, थर त्या पाण्याचा आहे, हे शांतपणे लिहून कळव. सोसायटीच्या बैठकीत पाणी मऊ करायच्या यंत्राचा विषयही काढ. पंचवीस घरांत वाटला तर खर्च वाटतो तेवढा नसतो.

हे सगळं सांडपाणी शेवटी गोदावरीकडेच जातं. नदीवर पाणवेली माजतात तेव्हा आपण महापालिकेला बोलतो, आणि बोलायलाच हवं, पण त्या वेलींना पोसणाऱ्या पाण्यात आपल्या बादल्याही असतात. म्हणूनही मला मोजून घातलेला चमचा बरा वाटतो.

हंडा-कळशी

हे काम सगळ्यात शेवटी कर आणि निवांत कर. आधी आत हात घालून बघ. आतून चांदीसारखी पांढरट असेल तर कल्हई आहे, तिथे आंबट काही लावायचं नाही आणि तारेची घासणी तर मुळीच नाही, नुसतं लिक्विड आणि मऊ फडकं. आतूनही तांबडीच असेल तर दोन्ही बाजूंना एकच उपाय.

मूठभर चिंच कोमट पाण्यात भिजव, चोथ्यात चमचाभर जाड मीठ घाल आणि हाताने चोळ. हिरवट चट्टे असतील तिथे चोथा दहा मिनिटं थापून ठेव. काळेपणा तर तुझ्या डोळ्यांदेखत गुलाबी होईल. आंबट ताकानेही होतं, वेळ थोडा जास्त लागतो. मात्र एक भांडं पूर्ण झालं की लगेच भरपूर पाण्याने धू आणि त्याच मिनिटाला कोरड्या फडक्याने पूस. लोक इथेच चुकतात: धुऊन पालथं घालून ठेवतात, बोअरचं पाणी अंगावर वाळतं आणि संध्याकाळी पुन्हा डाग. शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने कर. पुसल्यावर चिमूटभर बारीक रांगोळी कोरड्या कापडावर घेऊन गोल गोल फिरव, मग बघ.

कल्हई उडाली असेल किंवा कळशीचा काठ चेपला असेल तर गावात भांडी बाजारात घेऊन जा. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिक पूर्वीपासून ओळखलं जातं, आणि त्या गल्ल्यांत दुरुस्ती आणि कल्हई करून देणारे अजून सापडतात. सकाळी जा, दुपारनंतर सराफ बाजाराकडच्या गर्दीत कळशी सांभाळत चालणं कठीण. आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नको, तेव्हा त्यांच्याकडे भांड्यांचे ढीग लागलेले असतात. पुढच्या चार दिवसांतच जाऊन ये.